कोणता मासा ठेवावा?

पापलेटाला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला तो २०२३ साली. त्याच वर्षी त्या राज्याच्या शासनाने समुद्रातील मासळीच्या ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली आणि १३५ मिलिमीटरहून आखूड पापलेट पकडू नये, असा दंडक घातला. केरळने हा मार्ग २०१५ पासूनच धरला होता. मासळीच्या पिल्लांनी भरलेल्या टोपल्या बाजारात पाहून ज्यांचा जीव हळहळत असे, त्यांनी या निर्णयाचे स्वागत केले, आणि ते योग्यच झाले. परंतु ही मोजपट्टी समुद्राची आहे. खाडीचे मुख ओलांडून ती आत जात नाही. घाटावरच्या नद्यांत, तलावांत आणि धरणांच्या जलाशयांत रविवारची सकाळ गळ टाकून घालविणारा जो हौशी माणूस आहे, त्याने हाती लागलेला मासा कोणता ठेवावा आणि कोणता सोडावा, हे त्याला कोणी सांगत नाही. आणि खरे सांगायचे तर त्यानेही ते कधी कोणाला विचारलेले नाही.

हा प्रश्न आज आम्ही बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांच्या निमित्ताने मांडीत आहोत. किनाऱ्यावरच्या वाचकाला हे नवल वाटेल. समुद्रापासून इतक्या दूरच्या, पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखाचा आणि मासळीचा संबंध काय, असे तो विचारील. पण गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान केलेल्या, हुमनाबादजवळ माणिकप्रभूंच्या दर्शनाला जाऊन आलेल्या, सन्नतीच्या चंद्रलांबेला कुलस्वामिनी मानणाऱ्या कुटुंबांना हा मुलूख परका नाही. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या भागांत आजही मराठी घराघरांत बोलली जाते. भीमा उजनीच्या धरणातून सुटून पंढरपूरवरून याच मुलखात उतरते. मांजरा बीड-लातूरकडून येऊन बिदरला वळसा घालते आणि पुढे तेलंगणात शिरते. कारंजा, बेन्नेतोरा, अमरजा या नद्यांवर धरणे बांधली गेल्यापासून तेथे पाण्याचे विस्तीर्ण साठेही झाले आहेत. पाणी आले की मासा येतो, आणि मासा आला की गळ घेऊन माणूस येतो.

या गळाला त्या भूमीत मोठा इतिहास आहे. आजचे बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावाने इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध झालेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ मराठी अभ्यासकांना त्यातील प्राचीन मराठी गीतांच्या नमुन्यांमुळे माहीत असतो. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. राजाने करमणूक म्हणून मासे कसे पकडावेत, याचे ते शास्त्र होय. मासे कोणत्या पाण्यात राहतात, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, आकाराने थोर कोणते व लहान कोणते, कोणाला काय चारावे, गळाची दोरी कशाची वळावी, याचा विचार त्यात आला आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर निबंध लिहून जगाचे लक्ष तिकडे वेधले. हौशी मासेमारी ही साहेबाने आणलेली चैन आहे, असा जो समज आपल्याकडे आहे, तो कल्याणच्या या राजाने नऊशे वर्षांपूर्वीच खोटा ठरविला आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की राजाची करमणूक असूनही या प्रकरणाचा भर माशाची ओळख पटविण्यावर आहे.

याच मुलखाची दुसरी स्मृती याहून जुनी आहे. सन्नती येथील चंद्रलांबा मंदिराच्या परिसरात, देवीच्या मूर्तीखालच्या शिळेवर सम्राट अशोकाचे लेख कोरलेले असल्याचे १९८९ साली उघडकीस आले. जीवरक्षणाविषयीची अशोकाची प्रसिद्ध आज्ञा या शिळेवर नाही. ती उत्तरेकडील स्तंभांवर आहे. पण आज्ञा देणारा राजा तोच. त्या पाचव्या स्तंभलेखात त्याने काही मासे अवध्य ठरविले, वर्षातील ठरावीक पौर्णिमांना व उपोसथाच्या दिवशी मासे मारण्यास आणि विकण्यासही मनाई केली, आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी आणि त्यांची सहा महिन्यांच्या आतील पिले मारू नयेत, असे बजावले. कोणती जात, कोणता दिवस, कोणते वय आणि कोणती अवस्था, असे चार प्रश्न या एकाच लेखात आहेत. आज जगभर मत्स्यव्यवसायाचे कायदे ज्या चार आधारांवर उभे आहेत, ते याहून फार वेगळे नाहीत. आपण मात्र त्यांतील लांबीचा आधार उचलला आहे तो फक्त समुद्रापुरता.

नद्यांसाठी कायदा नाही असे नाही. १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा सव्वाशे वर्षांचा झाला. सुरुंग लावून आणि विष कालवून मासे मारणे त्याने गुन्हा ठरविले. जाळ्यांची जात व आकार ठरविण्याचा, प्रवाहात रोवलेली साधने बंद करण्याचा आणि एखादे पाणी दोन वर्षांपर्यंत मासेमारीस पूर्ण बंद ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. पुढे महाराष्ट्राने १९६० चा व कर्नाटकाने १९९६ चा स्वतःचा कायदा केला. परंतु १८९७ च्या मूळ कायद्याची नजर जाळ्यावर आहे, पकडलेल्या माशावर नाही. जाळ्याची आस मोठी ठेवली की लहान मासा आपोआप निसटतो, हे तत्त्व बरोबरच आहे. गळाला मात्र आस नसते. त्याला अर्ध्या विताचे पिल्लू लागते आणि हातभर लांबीची मादीही लागते. ती आस गळ टाकणाऱ्याच्या डोक्यात असावी लागते, आणि आमच्या मते सारा प्रश्न येथेच आहे.

लांबीच्या नियमामागचा विचार साधा आहे. प्रत्येक माशाला मरण्यापूर्वी निदान एकदा तरी प्रजननाची संधी मिळावी. ज्या लांबीला त्या जातीतील निम्मे मासे वयात येतात, तिच्या आसपास रेघ ओढावी आणि त्याखालचा मासा पाण्यात परत सोडावा. हा विचार समजण्यास सोपा, मोजण्यास सोपा आणि गुन्हा सिद्ध करण्यासही सोपा. म्हणून सरकारांना तो आवडतो. पण नदीकाठच्या चार माशांना तो लावून पाहिला, तर केवळ लांबीने भागत नाही, हे ध्यानात येते.

पहिले उदाहरण रोहू-कटल्याचे. हे मासे वाहत्या पुराच्या पाण्यातच अंडी घालतात. लहान तलावाच्या साचलेल्या पाण्यात ती आपोआप घालीत नाहीत. म्हणून गावतलावात दरवर्षी बोटुकली विकत आणून सोडावी लागते. बहुधा मच्छीमारांची सहकारी संस्था किंवा ठेकेदार ती सोडतो आणि वर्षभर वाट पाहतो. अशा तलावात पाव किलोचा कटला गळाला लावून घरी नेणे हे प्रजननाचे नुकसान नव्हे. ते दुसऱ्याच्या भांडवलाचे नुकसान आहे. वर्षाअखेर किलोभर होणारे पीक कोवळेच कापून नेण्यासारखे ते आहे. दुसऱ्याच्या शेतातले हिरवे कणीस तोडताना ज्याला संकोच वाटतो, त्याला तलावाकाठी तो का वाटू नये? तलाव गावाचा असला, तरी त्यातले बीज कोणाच्या तरी घामाचे असते.

दुसरे उदाहरण मरळ माशाचे. सीमाभागातील तलावांतला हा सर्वांत चवदार आणि म्हणून सर्वांत हवासा मासा. त्याची गोष्ट निराळी आहे. मरळ आपली पिले वाऱ्यावर सोडून देत नाही. पाणवनस्पतींच्या आडोशाला अंडी घातल्यावर आणि लालसर पिलांचा थवा पाण्यावर तरंगू लागल्यावर आईबाप खालून पहारा करीत राहतात. गळ टाकणाऱ्यांना हे ठाऊक असते. त्या थव्यावर बेडूक किंवा बनावट आमिष टाकले की पिलांवर हल्ला झाला असे समजून मोठा मासा झेप घेतो आणि अडकतो. तो मासा लांबीने नियमात बसतो. मोजपट्टी त्याला पास करते. पण तो बाहेर काढताच मागे राहिलेली शेकडो पिले उघडी पडतात आणि इतर मासे व पक्षी त्यांचा फन्ना उडवितात. येथे लांबीचा नियम निरुपयोगी ठरतो. पिलांवर पहारा करणाऱ्या मरळाला गळ दाखवू नये, हा येथला नियम. तो कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नसला, तरी ज्याच्या अंगी माणुसकी आहे त्याला तो सांगावा लागू नये.

तिसरे उदाहरण नेमके उलट आहे. चिलापी हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली आपल्या देशात आला. मादी अंडी तोंडात उबविते, वर्षातून अनेकदा विते, आणि पिले काही महिन्यांत स्वतः वयात येतात. उजनीच्या जलाशयात या माशाने कसे बस्तान बसविले, हे सोलापूर-पुण्याच्या कोणत्याही मासळीबाजारात दिसते. गर्दी झाली की तो खुरटतो आणि देशी माशांचे अन्न खातो. अशा माशाला लांबीची मर्यादा लावणे म्हणजे शेतातल्या तणाला कुंपण घालणे होय. चिलापी लहान असो वा मोठी, गळाला लागली की टोपलीत जावी. आफ्रिकी मांगुराला तर २००० सालापासून देशात पाळण्याचीच बंदी आहे; दया म्हणून त्याला पाण्यात परत सोडणे ही दयाच नव्हे.

चौथे उदाहरण मोठ्या मादीचे. लहान सोडावे आणि मोठे ठेवावे, हा लोकांचा समज. छायाचित्र काढून मिरवायला मोठाच मासा लागतो. परंतु माशांत वय आणि वजन वाढते तशी अंड्यांची संख्या वजनाच्या प्रमाणापेक्षाही अधिक वाढते, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अटलांटिक महासागरातील कॉड माशाचा हिशेब दिला होता: ३० किलोची एकच मादी दोन-दोन किलोच्या २८ माद्यांपेक्षा अधिक अंडी घालते. म्हणून अनेक देशांनी आता खालची रेघ ओढून वरचीही रेघ ओढली आहे. अगदी लहान सोडा, अगदी मोठाही सोडा, मधला ठेवा. आपल्या जुन्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. तो सर्वांत भरलेले कणीस बियाण्यासाठी राखून ठेवी. जात्यात घालीत नसे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. नदीत वाळूचे उपसे चालू आहेत, कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी उतरते आहे, धरणांनी पूर अडविले आहेत, बारीक आसेची जाळी रात्रभर पसरलेली असतात. असे असता एका दांडीने चार मासे काढणाऱ्या बिचाऱ्याला उपदेश कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. मोठ्या जलाशयात, भर पाण्याच्या दिवसांत, गळवाल्याने चार मासे नेले तर फारसे काही बिघडत नाही. पण भीमा आणि मांजरा या बारमाही भरलेल्या नद्या नव्हेत. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. अशा उन्हाळ्यात नदीचा प्रवाह तुटतो आणि मधले काही डोह तेवढे उरतात. मैलोगणती पात्रातले वाचलेले मासे त्या डोहांत दाटीवाटीने कोंडलेले असतात. पुढच्या मृगाला पाणी आले की सारी नदी पुन्हा भरायची ती त्यांच्याच पोटच्या बियाण्याने. तेथे गळ टाकणाऱ्याला मासा पटापट लागतो, आणि आपण कसबी झालो असे त्याला वाटते. वस्तुतः तो कोठारातले शेवटचे बियाणे उपसत असतो. अशा वेळी लांबी मोजण्याचे कारणच नाही; चैत्र-वैशाखात डोहाकडे पाठ फिरवावी, हे उत्तम.

दुसरा आक्षेप धर्मबुद्धीचा आहे. खायचा नसेल तर मासा पकडावाच कशाला? गळ टोचून त्याला दमवायचे आणि मग सोडून पुण्य जोडायचे, ही दया की क्रौर्य? हा प्रश्न आम्हांला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. स्वित्झर्लंडसारख्या देशाच्या कायद्याने निव्वळ सोडून देण्याच्या हेतूने मासा पकडण्यास मनाई केली आहे. लहान वा संरक्षित मासा चुकून लागला तर मात्र तो सोडावाच लागतो. आमच्या मते हा विवेक योग्य आहे. खाण्यासाठी गळ टाकावा, गरजेपुरते ठेवावे, जे ठेवण्याजोगे नाही ते जिवंत राहील अशा रीतीने सोडावे, आणि पुरेसे मिळाले की दांडी गुंडाळावी. सोडण्याचीही रीत आहे. हात आधी पाण्यात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्याला रोग जडतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. गळ घशात गेला असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडापाशी कापावी. तापलेल्या खडकावर मासा ठेवून छायाचित्राची तयारी करीत बसणे म्हणजे त्याला सोडणे नव्हे. मेलेला मासा पाण्यात टाकणे होय.

आता सरकारांचे कर्तव्य. भीमा काही अंतर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या हद्दीवरून वाहते. मांजरेला तर तीन राज्ये पाहावी लागतात. सीमेचा वाद १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून चालला आहे. महाजन आयोग झाला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्या वादात आमची सहानुभूती कोणाकडे आहे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. परंतु मासा या काठचा की त्या काठचा, हे कोणत्याही न्यायालयाला ठरविता येणार नाही. एका काठावर बंदी आणि दुसऱ्या काठावर मोकळीक असेल, तर त्या बंदीला काही अर्थ उरत नाही. दोन्ही राज्यांच्या मत्स्यव्यवसाय खात्यांनी एकत्र बसून भीमेसाठी, आणि तेलंगणाला सोबत घेऊन मांजरेसाठी, गळवाल्याला समजेल अशी एकच छोटी यादी करावी. त्यात माशाचे चित्र असावे, कारण एकाच माशाला मराठीत, कानडीत, तेलुगूत आणि दखनीत निराळी नावे आहेत आणि नावाच्या घोळात नियम बुडतो. चित्राशेजारी लांबीची रेघ आणि सोडण्याचे महिने एवढेच असावे. हा फलक मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत घाटावर, धरणाच्या भिंतीशी आणि गळ-दोरी विकणाऱ्या दुकानात लागावा. पाट्यांच्या भाषेवरून येथे पुष्कळ डोकी फुटली आहेत. माशाच्या पाटीवर तरी दोन भाषा शेजारी नांदू द्याव्यात.

आणि हे सारे पोलिसी खाक्याने होऊ नये. नियम झाला की त्याचा पहिला दंडुका नदीवर पोट असणाऱ्या भोयावर पडतो आणि मोटारीतून आलेला हौशी माणूस ओळखीच्या जोरावर सुटतो, हा आपला अनुभव. येथे क्रम उलटा हवा. ज्याची ती करमणूक आहे त्याने अधिक बंधन पाळावे. ज्याची ती भाकरी आहे त्याला आधी विश्वासात घ्यावे. जलाशयावर गळ टाकणाऱ्याने स्थानिक मच्छीमार संस्थेकडे माफक शुल्क भरावे आणि त्या पैशातून बोटुकली सोडली जावी, अशी व्यवस्था करणे अवघड नाही. तसे झाले तर भोई आणि गळवाला एकमेकांकडे चोर म्हणून न पाहता भागीदार म्हणून पाहतील.

लोकांनी मनावर घेतले तर सरकारची वाटही पाहावी लागत नाही, याचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. महाडजवळ वाळण कोंड येथे काळ नदीच्या डोहातले महसीर मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी मारीत नाही. देवीच्या धाकाने का होईना, तेथे मासा हातभर वाढतो आणि म्हातारा होतो. भीमेच्या आणि मांजरेच्या काठी देवस्थानांची वाण नाही. एकेका देवस्थानाने आपल्या घाटापुढचा एकेक डोह असा राखला, तर कायद्याच्या दहा कलमांचे काम होईल.

शेवटी आपल्या अंगणाकडे पाहू. मृगाच्या पहिल्या सरींनी ओहोळ भरले की आपल्याकडे चढणीचे मासे पकडण्याची धांदल उडते. रात्री दिवे घेऊन, पाग घेऊन, प्रसंगी काठ्या-कोयते घेऊन माणसे शेतात उतरतात. ते मासे पाण्याविरुद्ध वर चढतात ते अंडी घालण्यासाठी. त्यांची पोटे गाभोळीने भरलेली असतात आणि त्या गाभोळीचीच आपल्याला गोडी. समुद्रावर जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद असाव्यात, हे आपल्याला पटते. श्रावण आपण निष्ठेने पाळतो. पण त्याआधीच्या त्या चार रात्री परसातल्या ओहोळावर आपणच काय करतो, याचा विचार करीत नाही. बिदर-कलबुर्गीच्या गळवाल्याला चार गोष्टी सांगण्याचा अधिकार हवा असेल, तर येत्या मृगात आपण चढणीच्या माशांना वाट मोकळी ठेवली पाहिजे. निदान पहिल्या पुराचे मासे वर जाऊ द्यावेत. घरी त्या रात्री गाभोळी शिजली नाही म्हणून कोणी उपाशी झोपणार नाही.